अनाथोथचे शेत

शास्त्रपाठ : यिर्मया ३२, यहेज्केल ११:१६, एज्रा २:२३.

जमीन घेताना मनुष्य किती सावध असतो हे शेतकरी वाचकांस सांगावयास नको. बांध कोठवर, वाटेकरी किती, बोजा आहे काय, हे सर्व पाहून मग तो खरेदीखतावर सही करितो. शत्रूने बळकावलेली जमीन पैसे मोजून घेणाऱ्यास गाव वेडा म्हणेल. यिर्मया संदेष्ट्याने तेच केले, आणि देवाच्या आज्ञेने केले.

इ. स. पूर्वी ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेस वेढा घातला होता. नगर पडणार असे सांगितल्याबद्दल सिद्कीया राजाने यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडले होते. तेथे त्याचा चुलतभाऊ हनामेल आला व अनाथोथचे आपले शेत घे, सोडवण्याचा हक्क तुझा आहे, असे म्हणाला. अनाथोथ यरुशलेमेहून जवळच. तो मुलूख शत्रूच्या पायांखाली होता. तरी यिर्मयाने १७ शेकेल रुपे, म्हणजे सुमारे १६-१७ तोळे चांदी, तोलून दिली, साक्षीदार केले, आणि मोहरबंद व उघडी अशी दोन्ही खते बारूखाकडून मातीच्या भांड्यात ठेवविली, अशासाठी की ती पुष्कळ दिवस टिकावी.

येथे क्रम लक्षात घ्यावा. आज्ञा पाळून झाल्यावर मग त्याने प्रार्थनेत विचारले की, नगर तर चालले, मग हे शेत कशास? अशी शंका देवापुढे मांडणे हा अविश्वास नव्हे. उत्तर असे मिळाले की, ज्याने हे अरिष्ट आणिले तोच कल्याणही आणील, आणि ह्या देशात शेते पुन्हा विकत घेतली जातील.

तथापि संकट टळले नाही. नगर पडले, मंदिर जळाले, यिर्मयाला लोकांनी मिसर देशात नेले. त्याने ते शेत पुन्हा पाहिल्याचा उल्लेख शास्त्रात नाही. परंतु इ. स. पूर्वी ५३८ मध्ये कोरेश राजाने परवानगी दिल्यावर जे परतले त्यांच्या यादीत अनाथोथचे १२८ पुरुष मोजलेले आहेत. देवाने आपले खत मोडले नाही.

मग मधल्या वर्षांत देव कोठे होता? यहेज्केलाच्या द्वारे तो सांगतो की, परदेशात मीच त्यांचे पवित्रस्थान झालो. मंदिर मागे राहिले, देव मागे राहिला नाही.

ह्याचा एक दाखला मुंबईच्या उपनगरात आहे. अंधेरीस, आज जेथे सीप्झची वसाहत आहे, तेथे रोमन कॅथलिक बंधूंचे एक पडके मंदिर उभे आहे. जेझुइट पाद्र्यांनी ते १५७९ साली बांधिले. १८४० साली रोगाच्या साथीमुळे लोकांनी ते सोडिले. छप्पर गेले, भिंती उरल्या. परंतु मंडळी मोडली नाही. ती जवळच मरोळ येथे नव्या मंदिरात उपासना करू लागली. दगड पूर्वीसारखे झाले नाहीत, लोक मात्र राखिले गेले.

हे आम्ही अशासाठी लिहितो की, पुष्कळ गावांतील तरुण पोटासाठी मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथे गेले आहेत, आणि गावच्या प्रार्थनामंदिरात चारच म्हातारी माणसे बसतात. उपदेशकाने त्या चौघांस पाहून खचू नये. जे गेले त्यांनीही देव गावी राहिला असे समजू नये. आपल्या हाती खत आहे. ते मातीच्या भांड्यात का होईना, जपून ठेवणे हे आपले काम आहे. शेत परत देणे हे देवाचे.

मननासाठी प्रश्न :
१. यिर्मयाने शेत घेतले तेव्हा तो कोठे होता?
२. खत मातीच्या भांड्यात का ठेविले?
३. गाव सोडून गेलेल्या कोणत्या कुटुंबास आपण ह्या आठवड्यात पत्र लिहावे?