मामाजींच्या कॅप्सुली

अगं, मामाजींना लकवा होऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सुली आणू का, असं विचारलंस. सासऱ्यांची एवढी काळजी करतेस, बरं वाटलं. पण त्या पैशात बीपी मोजायचं मशीन घे.

त्या कॅप्सुलींमागची कल्पना अगदीच हवेतली नाही हं. मेंदूची नस गुठळीनं बंद झाली की पेशी गुदमरतात. रक्त पुन्हा वाहू लागलं की फ्री रॅडिकल्स उसळतात आणि उरल्यासुरल्या पेशींनाही इजा करतात. त्यांना आवर घालणारी, म्हणजे अँटिऑक्सिडंट, औषधं उंदरांवर लागू पडली. एनएक्सवाय-०५९ नावाच्या औषधाबद्दल २००६ साली मोठ्या चाचणीत आशाही दिसली; पण पुढच्याच वर्षी तीन हजारांवर रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत ती मावळली. जपाननं इडारावोन २००१ मध्ये मंजूर केलं, आपल्याकडेही काही डॉक्टर ते देतात. पण ते लकव्याचा झटका आल्यावर दवाखान्यात शिरेतून द्यायचं औषध. रोज गिळायच्या गोळीशी त्याचा संबंध नाही. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा वाढतो, असं २०१० मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं. आवळा, जवसाची चटणी खुशाल वाढ, पण जेवण म्हणून.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर तेल चोळत बसू नकोस. लकव्याचं औषध देणाऱ्याकडेही नेऊ नकोस. सरळ १०८ लाव. मामाजी शेवटचे धडधाकट कधी दिसले ती वेळ लक्षात ठेव. डॉक्टर आधी तेच विचारतील. तोंडात पाणी नको, गोळी नको, ॲस्पिरिनसुद्धा नको. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. जितकं लवकर, तितकं बरं.

तुमचं लाखनी हायवेवर आहे हे बरंय. भंडारा वीसेक किलोमीटर, नागपूर ऐंशीच्या घरात. पण एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवण्यातच तास निघून जातात. म्हणून घरात सगळं ठीक आहे तोवरच फोन करून विचारून ठेव: सीटी रात्री होतो का? गुठळीचं इंजेक्शन मिळतं का?

बीपीची गोळी रोजची रोज दे, बरं वाटतंय म्हणून बंद करू देऊ नकोस. आणि तो तंबाखूचा खर्रा सोडवायचं बघ. सुनेचं ऐकणार नाहीत. नातीला पुढे कर.