इंजेक्शनाच्या आधीची वर्षे

2021च्या फेब्रुवारीत 16 कोटींच्या इंजेक्शनाची बातमी महाराष्ट्रभर गाजली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात एका तान्ह्या मुलीला ‘झोल्जेन्स्मा’ मिळाले. पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला आणि आयातीवरचे कोट्यवधींचे कर केंद्र सरकारने माफ केले. पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात माझ्या बहिणीच्या घरी त्या बातमीने सगळ्यांची झोप उडवली. तिच्या मुलालाही स्नायूंचाच आजार होता, ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. दाजी जमिनीच्या भावाची चौकशी करू लागले.

पण ते इंजेक्शन त्याच्या आजाराचे नव्हतेच. मुंबईच्या मुलीला स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी होती. त्या आजारात बिघडणाऱ्या जनुकाचा कामाचा मजकूर हजार अक्षरांच्या आत संपतो. ड्यूशेनमध्ये बिघडतो तो डिस्ट्रॉफिनचा जनुक. माणसाच्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी हा एक. 79 तुकड्यांत विखुरलेला, आणि त्याचा कामाचा मजकूरच सुमारे 11 हजार अक्षरांचा. जनुक पेशीपर्यंत नेणारा एएव्ही हा विषाणू जेमतेम 4,700 अक्षरे वाहू शकतो. त्यामुळे पूर्ण जनुक देणे जमत नाही, काटछाट करून बनवलेले छोटे डिस्ट्रॉफिन द्यावे लागते.

असे ‘एलेव्हिडिस’ नावाचे औषध अमेरिकेत 2023च्या जूनमध्ये मंजूर झाले. किंमत 32 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने 26 कोटींच्या पुढे. त्याने मुले किती सावरली? चार ते सात वर्षांच्या 125 मुलांवरच्या चाचणीत उभे राहणे, चालणे, पायरी चढणे, उडी मारणे अशा 17 हालचालींना मिळून 34 गुण ठेवले होते. वर्षभरानंतर औषध घेतलेल्या मुलांचे गुण सरासरी 2.6ने वाढले, न घेतलेल्यांचे 1.9ने. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर दिसले. जमिनीवरून उठायला आणि दहा मीटर चालायला लागणारा वेळ मात्र अर्ध्या सेकंदाच्या आसपास कमी झाला. पुढे 2025मध्ये चालणे थांबलेल्या दोन किशोरवयीन मुलांचा हे औषध घेतल्यावर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. त्याच वर्षी युरोपच्या तज्ज्ञ समितीने मंजुरीविरुद्ध मत दिले. अमेरिकेनेही औषध चार वर्षांवरच्या, चालू शकणाऱ्या मुलांपुरते ठेवले आणि वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. हे औषध एकदाच देता येते, कारण नंतर शरीरात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की इंजेक्शनाची वाट पाहणाऱ्या घरात हातातली वर्षे निसटतात. आमच्या घरी ती आधीच निसटत होती. भाचा उशिरा चालायला लागला, पळताना पडायचा, चवड्यांवर चालायचा. त्याच्या भरदार पोटऱ्या पाहून पाहुणे कौतुक करायचे. ड्यूशेनमध्ये त्या अशाच फुगतात. मढीला कानिफनाथांच्या गडाच्या पायऱ्या त्याला कडेवर घेऊनच चढाव्या लागायच्या. खाली बसला की मांड्यांवर हात टेकत टेकत उठायचा. रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेले निघाले आणि काविळीची औषधे सुरू झाली. यकृत ठणठणीत होते; एसजीपीटी झिजणाऱ्या स्नायूंतूनही रक्तात उतरते. लहान मुलग्याचे हे आकडे वाढलेले असतील, डोळे पिवळे नसतील आणि त्याला जिना जड जात असेल, तर सीपीके तपासणी मागून घ्या. ती स्वस्त आहे. ड्यूशेनमध्ये हा आकडा हजारोंत जातो. त्यानंतर करायची ती जनुक तपासणी, आधी एमएलपीए. त्या अहवालात नेमका कुठला तुकडा गळला आहे हे लिहिलेले असते, आणि पुढच्या कुठल्याही चाचणीचे किंवा औषधाचे दार त्यावरच उघडते किंवा बंद होते. एलेव्हिडिससुद्धा आठव्या-नवव्या तुकड्यात गळती असलेल्या मुलांना देत नाहीत.

दरम्यान एका शहरातल्या दवाखान्याने ‘स्टेम सेल’चा खर्च सांगितला आणि बहिणीने दागिने मोडले. मुलात काही फरक पडला नाही. आयसीएमआरची 2017ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल अजून संशोधनाचाच भाग आहे, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले, तर तिथून उठावे.

खरा आधार दिला तो साध्या गोळ्यांनी. प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट या स्टिरॉइडमुळे मुलाचे चालणे दोनेक वर्षे जास्त टिकू शकते. वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात, उंची खुंटते. म्हणून डॉक्टरांची नजर हवीच. पण आमच्या भागात मोठा धोका वेगळा आहे. दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात, फडावर गोळ्या संपतात आणि कोणी आणायला जात नाही. स्टिरॉइड एकाएकी बंद केले, तर शरीर स्वतःचे संप्रेरक लगेच बनवू शकत नाही आणि जीवावर बेतू शकते. निघण्याआधी हंगामभराच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्यावी. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर लगेच दवाखाना गाठावा.

दरवर्षी हृदयाची इको करा, पुढे फुप्फुसाची तपासणी. घोटे रोज ताणून घ्या. टाचा आखडल्या की चालणे लवकर सुटते. कुठलीही शस्त्रक्रिया असो, भूलतज्ज्ञाला आजाराचे नाव आधी सांगा, कारण भूल देताना वापरले जाणारे सक्सिनिलकोलिन या मुलांचे हृदय बंद पाडू शकते.

2016च्या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी अपंगत्वाच्या यादीत आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड मिळते. दुर्मीळ आजारांच्या 2021च्या राष्ट्रीय धोरणातही ड्यूशेनचे नाव आहे. त्याखाली 50 लाखांपर्यंतची मदत उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळू शकते, आणि मुंबईचे केईएम हे त्यांतले एक. 26 कोटींच्या इंजेक्शनाला ही रक्कम कुठेच पुरत नाही, पण तिथे नोंद झाली की मूल तज्ज्ञांच्या नजरेत राहते.

बहिणीला सासरी बरेच ऐकावे लागले. हा आजार बहुतेकदा आईकडून मुलाकडे येतो, हे खरे. पण साधारण तीनांतल्या एका मुलात तो बदल नव्यानेच झालेला असतो, आणि आईत असला तरी तिने काही केले म्हणून तो येत नाही. अहवाल आल्यावर आमच्या धाकट्या बहिणीने लग्नाआधी स्वतःची तपासणी करून घेतली. वाहक निघालेल्या बाईला पुढच्या गरोदरपणात तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी करून घेता येते. तिने स्वतःची इकोही अधूनमधून करावी, कारण वाहक बायकांचे हृदयही पुढे दुबळे होऊ शकते.