मोठं मशीन घेण्याआधी प्रोसेसर मोजा

वेबसाइट संथ झाली, बिलिंगचं सॉफ्टवेअर अडकू लागलं, की सर्व्हर सांभाळणाऱ्याचा सल्ला ठरलेला असतो: मोठं मशीन घ्या. ॲमेझॉनच्या क्लाउडवर भाड्याने मिळणाऱ्या मशीनांच्या टी३ मालिकेत मायक्रोवरून स्मॉलवर, स्मॉलवरून मीडियमवर गेलात की भाडं दर वेळी दुप्पट होतं. हातातल्या व्हर्च्युअल मशीनचा प्रोसेसर किती वापरला जातो, हे मोजायला मात्र जवळजवळ काहीच लागत नाही. त्यामुळे आधी मोजणी, मग खरेदी.

ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून सुरू आहे. त्याचंच उदाहरण घेऊ. तिथे क्लाउडवॉच ही सेवा दर पाच मिनिटांची सरासरी फुकट दाखवते. पण सरासरी फसवते. प्रोसेसर एक मिनिट १०० टक्के राबला आणि चार मिनिटं रिकामा बसला, तर आलेखावर दिसतात फक्त २० टक्के, आणि ग्राहक अडकतो तो नेमका त्या एका मिनिटात. दर मिनिटाचे आकडे हवे असतील तर एका मशीनची सात मापं, प्रत्येकी महिना ३० सेंट, म्हणजे २.१० डॉलर होतात. पहिली दहा मापं मोफत असल्याने एकाच मशीनपुरतं बघायचं तर खर्च शून्य. सगळ्या मशीनांवर ही सोय कायम चालू ठेवायची गरज नाही. ज्याच्यावर संशय आहे त्यावर दोन आठवडे पुरे.

खरा खर्च दडलेला असतो तो क्रेडिटमध्ये. टी३ मायक्रोत दोन व्हर्च्युअल प्रोसेसर असतात, पण भाड्यात मिळतो तो प्रत्येकाचा फक्त १० टक्के सततचा वापर. त्यापोटी तासाला १२ क्रेडिट जमा होतात. एक क्रेडिट म्हणजे एका प्रोसेसरचं एक मिनिट पूर्ण काम. शिल्लक संपली तरी मशीन थांबत नाही, कारण टी३ मुळातच ‘अनलिमिटेड’ पद्धतीवर सुरू होतं. लिनक्सवर जादा वापराला प्रति प्रोसेसर तासाला ५ सेंट लागतात. दोन्ही प्रोसेसर महिनाभर पूर्ण राबले तर जादा आकार सुमारे ६५ डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. मशीनचं मूळ भाडं आठ डॉलरच्या आसपास! ‘स्वस्तातलं मशीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूची ही बाजू विकत घेतानाच सांगायला हवी. क्लाउडवॉचमध्ये क्रेडिटची शिल्लक आणि आकारलेले जादा क्रेडिट ही दोन्ही मापं दिसतात. शिल्लक घसरली की ईमेल येईल असा अलार्म लावून ठेवा; पहिले दहा अलार्म फुकट आहेत.

मग मोठं मशीन घ्यायचं कधी? व्हर्जिनिया केंद्राच्या दरांनी हिशेब केला तर टी३ लार्जचा सरासरी वापर साधारण ४२.५ टक्क्यांच्या वर कायम राहिला की क्रेडिटची भानगड नसलेलं एम५ लार्ज स्वस्त पडतं. मुंबईचे दर घालून हाच हिशेब पुन्हा करा.

आणखी एक आकडा मशीनच्या आतूनच बघायचा. लिनक्सवर ‘टॉप’ ही आज्ञा दिली की ‘एसटी’ असा एक आकडा दिसतो. आपल्या मशीनला काम करायचं होतं, पण प्रोसेसर दुसरीकडे गुंतलेला असल्याने थांबावं लागलं, तो हा वेळ. टी३ अनलिमिटेडवर नसेल तर क्रेडिट संपल्यावरही हा आकडा वाढतो. स्वस्त व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर, तो गर्दीच्या वेळी सतत १० टक्क्यांच्या वर राहत असेल तर दोष तुमच्या वापराचा नाही. एकाच यंत्रावर जास्त ग्राहक बसवलेले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी जादा पैसे न मोजता दुसऱ्या यंत्रावर हलवून मागा.

ऑफिसात स्वतःचा व्हीएमवेअर सर्व्हर असेल तर ‘सीपीयू रेडी’ बघा. ताजा आलेख २० सेकंदांचा असतो. त्यात एका प्रोसेसरमागे १००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के वेळ वाट पाहण्यात गेला. हा आकडा वाढला की मशीनला प्रोसेसर वाढवून देऊ नका, उलट गरज नसलेल्या मशीनांचे कमी करा. त्याला एक पैसाही लागत नाही.

प्रोसेसर १५ टक्क्यांवर असूनही सगळं संथ चालत असेल तर मेमरी आणि डिस्क तपासा. मेमरीचा वापर क्लाउडवॉच आपणहून दाखवत नाही, त्यासाठी मशीनमध्ये एजंट बसवावा लागतो.

ॲमेझॉनचा कंप्यूट ऑप्टिमायझर मागच्या १४ दिवसांच्या आकड्यांवरून योग्य आकाराचं मशीन फुकट सुचवतो. तेवढे आकडे समोर ठेवल्याशिवाय मोठ्या मशीनच्या कोटेशनवर सही करू नका.