लघुप्रतिकृतींचे कुंचल्याने रंगकाम : ॲक्रिलिक रंग व त्यांची पूरक द्रव्ये

विमान, जहाज, रणगाडा किंवा आगगाडीचे इंजिन यांची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती तयार करणे हा जगभर रुजलेला छंद आहे. आपल्याकडे अशा प्रतिकृतीकडे पुष्कळदा खेळणे म्हणूनच पाहिले जाते. पालकांच्या मनात दोन शंका हमखास असतात. एक, हा श्रीमंतांच्या मुलांचा छंद नव्हे काय? दोन, यातून मुलाच्या हाती काय लागते? या दोन्ही शंकांना केवळ उपदेशाने उत्तर देणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. म्हणून या लेखात आम्ही प्रत्यक्ष कामाचीच माहिती देत आहोत. काम समजले म्हणजे उत्तरही आपोआप मिळेल, असा आमचा विश्वास आहे.

प्रतिकृती रंगविण्याचे दोन मार्ग आहेत. एक एअरब्रशचा. त्यात दाबाखालील हवेने रंगाचा बारीक फवारा मारला जातो. त्यासाठी कॉम्प्रेसर लागतो, स्वतंत्र जागा लागते आणि खर्चही मोठा येतो. दुसरा मार्ग साध्या कुंचल्याचा. वसतिगृहातील एका टेबलावर, चार-पाच मुलांच्या सोबतीत, कोणाला त्रास न होता करता येईल असा हाच मार्ग आहे. कुंचल्याचे काम नेहमी ओबडधोबड दिसते, हा समज मात्र खरा नाही. ते ओबडधोबड का दिसते याचे कारण कळले, की ते टाळताही येते.

उदाहरणादाखल एक विमान

विवेचन हवेत राहू नये म्हणून आपण एकच उदाहरण घेऊ : स्पिटफायर हे लढाऊ विमान, प्रमाण 1:72. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, भारतीय हवाई दलाच्या आठव्या स्क्वाड्रनला ही विमाने मिळाली आणि आपले वैमानिक ती घेऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. त्या आघाडीवरील अनेक स्पिटफायर विमानांचा वरचा भाग गडद हिरव्या व मातकट तपकिरी पट्ट्यांचा आणि पोट करड्या रंगाचे असे. पंखांवरील गोल चिन्हात मधला लाल ठिपका नसे. जपानी विमानांवर लाल गोळा असल्याने घोटाळा होऊन आपलेच विमान पाडले जाऊ नये, म्हणून गडद व फिकट अशा दोन निळ्या रंगांचेच चिन्ह वापरीत. प्रतिकृती रंगविणारा विद्यार्थी इतिहासाला कसा जाऊन भिडतो, हे एवढ्यावरूनही लक्षात यावे.

खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे 11.2 मीटर. त्याला 72 ने भागले म्हणजे प्रतिकृतीचा विस्तार साधारण 15.6 सेंटिमीटर येतो. आता हेच गणित उलट करून पाहू. प्रतिकृतीवर रंगाचा थर केवळ 0.1 मिलिमीटर जाड बसला, तरी खऱ्या विमानाच्या मापात तो 7.2 मिलिमीटर होतो. एवढा जाड रंग कोणत्या विमानावर असेल? पत्र्यांचे सांधे दाखविणाऱ्या ज्या बारीक रेषा साच्यात कोरलेल्या असतात, त्या अशा थराखाली बुजून जातात. सगळ्या रंगकामाचा पाया या एका भागाकारात आहे : थर पातळच हवा.

रंगात असते काय?

ॲक्रिलिक रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात : रंगद्रव्याची बारीक पूड, ॲक्रिलिक राळेचे अतिसूक्ष्म कण आणि हे सर्व ज्यात तरंगते ते पाणी. रंग लावल्यावर पाणी उडून जाते, राळेचे कण एकमेकांजवळ येतात, दाबले जातात आणि एकजीव होऊन अखंड पापुद्रा बनतो. रंगद्रव्य या पापुद्र्यात अडकून राहते. एकदा पापुद्रा बनला की तो पाण्यात पुन्हा विरघळत नाही. म्हणूनच ओल्या रंगाचा कुंचला पाण्याने धुता येतो, वाळलेल्या रंगाचा नाही.

पाणी हाच वाहक असल्यामुळे या रंगाला इनॅमल किंवा लॅकरसारखी उग्र वाफ नसते. प्रतिकृतीचे सुटे भाग पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकचे असतात. लॅकरच्या तीव्र थिनरने ते विरघळू शकते, पाण्याने मात्र त्यास काहीच होत नाही. मुलांच्या खोलीत वापरण्यास हे रंग योग्य, ते याच कारणाने.

मात्र सर्व ॲक्रिलिक रंग एकाच जातीचे नसतात. जपानच्या तामिया कंपनीच्या ॲक्रिलिक रंगात मद्यार्कवर्गीय द्रव असते. ते झपाट्याने उडते आणि खालचा थर पुरता वाळलेला नसेल तर त्याला पुन्हा मऊ करते. कुंचल्याने तोच भाग पुन्हा घासला की खालचा रंग उखडून येतो. स्पेनच्या व्हॅलेहोसारख्या कंपन्यांचे पाण्यावर आधारलेले रंग कुंचल्याला अधिक सोयीचे असतात. आपल्या बाजारात मिळणारे ट्यूबमधील चित्रकलेचे ॲक्रिलिक रंग घट्ट असतात. ते नीट पातळ करून घेतले, तर सरावासाठी निश्चितच उपयोगी पडतात.

कुंचल्याचे ओरखडे का उरतात?

कुंचला फिरला की त्याच्या केसांमुळे ओल्या रंगात सऱ्या पडतात. रंग ओला असेपर्यंत पृष्ठताण या सऱ्या सपाट करू पाहतो आणि रंगाचा दाटपणा त्याला विरोध करतो. सपाट होण्याआधीच पाणी उडून गेले, तर सऱ्या जशाच्या तशा वाळतात. म्हणजे आपल्याला तीन गोष्टी साधायच्या आहेत : रंग पुरेसा पातळ असावा, त्याला स्थिरावण्यास वेळ मिळावा आणि तो प्लॅस्टिकवर एकसारखा पसरावा. पूरक द्रव्यांचे काम नेमके हेच आहे.

पूरक द्रव्ये व त्यांचे प्रमाण

रंग पातळ करण्यासाठी पहिला विचार पाण्याचा येतो. थोडे पाणी चालते. फार घातले तर राळेचे कण एकमेकांपासून दूर पडतात, पापुद्रा कमकुवत होतो आणि चिकटपट्टी काढताना रंग तिच्याबरोबर निघून येतो. म्हणून पाण्यासोबत थिनर मीडियम किंवा ग्लेझ मीडियम वापरावे. मीडियम म्हणजे ढोबळमानाने रंगद्रव्य नसलेला रंगच. त्यात राळ असते, त्यामुळे रंग पारदर्शक होतो पण त्याची पकड टिकते. रंगाचे दोन भाग आणि मीडियम व पाणी मिळून एक भाग, या प्रमाणापासून सुरुवात करावी. मिश्रण म्हशीच्या दुधाइतके दाट झाले की ते कुंचल्याजोगे झाले असे समजावे.

दुसरे द्रव्य रिटार्डर. यात सामान्यतः ग्लायकॉलवर्गीय, सावकाश उडणारा द्रव असतो. तो वाळण्याची गती मंदावतो आणि सऱ्या सपाट होण्यास अवधी देतो. दहा थेंब रंगास एक थेंब पुरे. अधिक घातल्यास रंग तासन्‌तास चिकट राहतो, त्यावर धूळ बसते आणि दुसरा थर देताना पहिला सरकतो.

तिसरे फ्लो इम्प्रूव्हर. हे साबणाच्या जातीचे, पृष्ठताण कमी करणारे द्रव्य आहे. कमळाच्या पानावर पाणी जसे मोत्यासारखे गोळा होते, तसाच पातळ रंग गुळगुळीत प्लॅस्टिकवर गोळा होऊ पाहतो. फ्लो इम्प्रूव्हरचा एखादा थेंब त्याला पसरवतो. प्रमाण वाढले तर मात्र रंग उंचवट्यांवरून निसटून खाचांत साचतो आणि कडा उघड्या पडतात.

ही द्रव्ये निरनिराळ्या कंपन्यांची असतील, तर आधी एखाद्या जुन्या झाकणात दोन-दोन थेंब मिसळून पाहावे. गुठळ्या झाल्या तर ती जोडी वापरू नये.

हवामानाचा विचार

बाटलीवरील सूचना बहुधा थंड देशांतील खोली गृहीत धरून लिहिलेल्या असतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात रंग कुंचल्यावरच वाळू लागतो. तेथे रिटार्डर जवळजवळ अपरिहार्य ठरतो आणि पंख्याखाली बसणे टाळावे लागते. कोकणात ऐन पावसाळ्यात हवेतच इतकी आर्द्रता असते, की पाणी उडायलाच तयार नसते. तेथे रिटार्डर बाजूला ठेवून दोन थरांमधला अवधी वाढवावा. एकाच रंगाला दोन ठिकाणी दोन प्रमाणे लागतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे आणि वहीत नोंदवावे. विज्ञानाच्या तासाला शिकलेले बाष्पीभवन येथे हाताला जाणवते.

रंग ओला ठेवण्याचा एक बिनखर्ची उपाय आहे. पसरट डब्यात ओला स्पंज किंवा कागदी रुमालांची घडी ठेवावी, तिच्यावर बेकिंग पेपर अंथरावा आणि त्या कागदावर रंग मिसळावा. खालून ओलावा मिळत राहतो व झाकण लावल्यास रंग दुसऱ्या दिवशीही कामास येतो.

प्रत्यक्ष काम

सुटे भाग प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्यांवर राहू शकतो. वाळल्यावर शक्य तो बोटांनी पृष्ठभाग हाताळू नये. नंतर करड्या रंगाच्या ॲक्रिलिक प्रायमरचा पातळ हात द्यावा. तो कुंचल्यानेही देता येतो. फवाऱ्याचा डबा वापरायचा असल्यास तो उघड्यावर, तोंडाला मास्क लावून आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावा.

पंखांसारख्या मोठ्या भागासाठी 6 ते 10 मिलिमीटर रुंदीचा, मऊ कृत्रिम केसांचा चपटा कुंचला घ्यावा. काम नाजूक म्हणून सर्वांत बारीक कुंचला उचलण्याकडे मुलांचा कल असतो, पण बारीक कुंचल्याने जेवढ्या जास्त फेऱ्या, तेवढे जास्त ओरखडे. कुंचला रंगात अर्ध्यापर्यंतच बुडवावा आणि जादा रंग कागदावर टिपून घ्यावा.

आधी पोटाचा करडा, मग वरचा तपकिरी आणि शेवटी हिरवा, असा फिकटाकडून गडदाकडे क्रम ठेवावा. रंग एका दिशेने ओढावा. लावलेल्या भागाकडे तो अर्धवट वाळलेला असताना पुन्हा वळू नये. रंगकाम बिघडते ते बहुतेक याच मोहापायी. राहिलेली जागा पुढच्या थरात झाकली जाईल, असा भरवसा ठेवावा. पहिला थर डागाळलेला दिसतो, दुसराही फारसा समाधान देत नाही. तिसऱ्या-चौथ्या थराला रंग एकसारखा होतो. दोन थरांमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा, मद्यार्कयुक्त रंग असल्यास एक दिवस. शेवटचा थर नाकाकडून शेपटीकडे, हवा जशी वाहते त्या दिशेने द्यावा. म्हणजे उरलेसुरले ओरखडेही विमानाच्या रेषेत मिसळून जातात.

यानंतर तकतकीत वॉर्निशचा हात देऊन मगच पाण्यात भिजवून लावायची चिन्हे, म्हणजे डेकल, चिकटवावीत. खरबरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि तो चंदेरी दिसतो. सर्वांत शेवटी मॅट वॉर्निश दिले की चकाकी जाऊन विमान खरे वाटू लागते.

काम संपताच कुंचला पाण्याने व साबणाने धुवावा, केसांना टोक द्यावे आणि तो आडवा ठेवावा. कुंचल्याचे टोक ओठांनी कधीही करू नये, कारण काही रंगद्रव्यांत जड धातू असू शकतात. धुतलेले पाणी भांड्यात ठेवून गाळ खाली बसू द्यावा, गाळ कागदाने टिपून कचऱ्यात टाकावा. ते विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये.

यातून काय मिळते?

आता सुरुवातीच्या शंकांकडे वळू. खर्चाचे म्हणाल तर दोन चांगले कुंचले, पाच-सहा रंग, एक मीडियम आणि रिटार्डरची एक बाटली एवढ्यावर अनेक मुलांचे वर्षभराचे काम भागते, कारण ही द्रव्ये थेंबांनी वापरायची असतात. माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या भेटीस येताना अशी एखादी बाटली किंवा प्रतिकृतीचा एक संच आणला, तर ती भेट पुष्कळ मुलांच्या हातांतून फिरेल.

आणि हाती लागते ते काय? पहिला थर वाईट दिसतो, तेव्हाच पुष्कळ मुले कंटाळून जाड रंग फासतात आणि काम संपवतात. जे मूल त्या क्षणी कुंचला खाली ठेवते, अर्धा तास थांबते आणि दुसरा पातळ थर देण्यास परत येते, ते एक गोष्ट कायमची शिकते. अपुरे दिसणारे काम म्हणजे फसलेले काम नव्हे. साधने कमी असली, तरी साधनांचे ज्ञान पक्के असेल तर काम कमी प्रतीचे होत नाही, हेही ते शिकते. महागडे यंत्र नसलेल्या घरातून आलेल्या मुलाला हा अनुभव स्वतःच्या हातांनी यावा, यासाठीच शाळेच्या कपाटात रंगांच्या चार बाटल्या असाव्यात, असे आम्हांस वाटते.