घडीच्या कॅमेऱ्याचा भाता

छायाचित्रणावर लिहिताना प्रथम भिंगाचे गुणगान करण्याची पद्धत आहे. मी भात्यापासून सुरुवात करतो, कारण घडीचे जुने कॅमेरे बहुधा भिंगाने नव्हे, भात्याने निकामी होतात. लोहाराचा भाता आपण सर्वांनी पाहिला आहे. तसाच, पण वीतभरही लांब नसलेला काळ्या घड्यांचा चौकोनी भाता या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये असतो. झाकण उघडले की तो पसरतो. मिटले की कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातले नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ (मृत्यू १९०५) काचेच्या जड तबकड्यांवर काम करीत. असला संसार पाठीवर घेऊन हिंडणे सामान्य माणसाला परवडणारे नव्हते. १९०१ मध्ये कोडॅकने '१२०' क्रमांकाची कागदात गुंडाळलेली फिल्म बाजारात आणली आणि काम हलके झाले. पुढे जर्मनीत झाइस इकॉनचा इकोन्टा (१९२९), आगफाचा इझोलेट, फॉइग्टलेंडरचा बेसा असे घडीचे कॅमेरे निघाले. १९६० च्या सुमारास त्यांचा जमाना ओसरला. पूर्वी बडोद्यात तयार होत असलेला आगफा क्लिक थ्री पुष्कळांच्या घरी असेल. फिल्म तीच, पण तो डबा कॅमेरा, त्याला भाता नाही.

आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत असाच एक जर्मन बनावटीचा घडीचा कॅमेरा आहे. अल्बममधले १९७० पूर्वीचे बहुतेक फोटो त्यानेच काढलेले. गेल्या वर्षी त्याचे काय करावे यावर घरात दोन मते पडली : मोडीत द्यावा, किंवा पुसून शोकेसमध्ये ठेवावा. मला दोन्ही सारखीच वाटली. कॅमेरा दिसण्यासाठी घासूनपुसून ठेवणे हीसुद्धा मोडच होय. तो चालवावा असे मी म्हटले, आणि मग चालविण्याची जबाबदारी माझ्यावरच आली.

प्रथम परीक्षा भात्याची. रात्री खोलीतला दिवा मालवावा, कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडून आत छोटी बॅटरी लावावी आणि भाता बाहेरून सर्व बाजूंनी निरखावा. घड्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्या दिसल्या तर तेवढ्या जागी फिल्मवर उजेडाचे डाग पडणार. आपल्याकडची कोरडी हवा भिंगाला बरी (कोकणात त्यावर बुरशी धरते), पण उन्हाळ्यामागून उन्हाळे सोसून भात्याचे कोपरे तडकतात. छिद्र सुईच्या टोकाएवढे असेल तर सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन आणि दिव्याची कोरडी काजळी कालवून आतल्या बाजूने बारीक काडीने लावावी व भाता उघडा ठेवूनच एक दिवस वाळू द्यावा. विजेची काळी चिकटपट्टी मात्र लावू नये. ती जाड असते, घडी नीट बसत नाही, आणि उन्हात तिचा डिंक सुटतो. सगळेच कोपरे गेले असतील तर नवा भाता करावा लागतो : पातळ काळ्या कापडाचे दोन थर आणि मध्ये कार्डाच्या पट्ट्या. हे काम चिकाटीचे आहे, अवघड नाही.

दुसरे दुखणे ग्रीसचे. भिंगाचा पुढचा भाग फिरवून अंतर लावायचे असते. त्याच्या आट्यांमधले ग्रीस पन्नाससाठ वर्षांनी लाखेसारखे घट्ट होते. जोर लावला की पुढच्या भिंगाबरोबर मधले भिंगही फिरते, आणि अंतराचे आकडे खोटे पडतात. म्हणून जोर न लावता पेट्रोलचा थेंब सोडून वाट पाहावी, नंतर आट्या स्वच्छ कराव्यात. पुन्हा बसविताना फिल्मच्या जागी घासलेली काच ठेवावी, शटर उघडे धरावे आणि लांबची वस्तू पाहावी. मी आमच्या गच्चीवरून रेणुकादेवीच्या देवळाचे शिखर घेतले. ते काचेवर उलटे पण अगदी रेखीव दिसले, तेव्हा भिंग तिथेच धरून बाहेरची कडी 'अनंत' या खुणेवर घट्ट केली.

शटर मी स्वतः उघडले नाही. आमच्या गल्लीतल्या घड्याळजींकडे नेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून आत पाहिले. मी तेलाचे विचारले तर म्हणाले, "तेल घालू नको लेकरा, तेलानंच अडलंय ते." आतली दातेरी चाके घड्याळासारखीच, पण पाती अगदी कोरडी हवीत. त्यांनी ती पेट्रोलने धुऊन दिली. हे काम करणारे आता ते एकटेच उरले आहेत. त्यांच्या मुलाचे मोबाइलचे दुकान आहे.

वापरण्यासंबंधी थोडे. १२० फिल्मवर सहा बाय सहाच्या बारा चौकटी मिळतात, सहा बाय नऊच्या आठ. सहाच्या चौकटीचे क्षेत्रफळ पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून अधिक भरते. म्हणून निगेटिव्हमध्ये इतका तपशील राहतो. चौकटीचा आकडा मागच्या लाल खिडकीतून पाहायचा. जुन्या फिल्मला लाल प्रकाश कळत नसे. आजच्या फिल्मला कळतो, म्हणून आकडा पाहून खिडकी लगेच झाकावी. शंभर गतीच्या फिल्मला रणरणत्या उन्हात छिद्र सोळा, वेग शंभरांश सेकंद. सहा बाय सहाच्या कॅमेऱ्यात छिद्र अकरावर ठेवून अंतर दहा मीटर लावले की साधारण पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व स्पष्ट येते. बाजारात हे फार सोयीचे.

आणि पुन्हा भाता. झाकण झटक्याने उघडले तर भाता हवा ओढतो आणि आत ताणलेली फिल्म जागची हलून पुढे फुगते. तेव्हा कॅमेरा सावकाश उघडावा, फिल्म उघडल्यानंतरच पुढे सरकवावी. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांत फिल्म सरकविणे व शटर ताणणे या क्रिया वेगळ्या असतात, त्यामुळे एकाच चौकटीवर दोन फोटो पडू शकतात. मी खिशात चिठ्ठी ठेवतो आणि प्रत्येक फोटोनंतर रेघ मारतो.

फिल्म बाहेरून मागवावी लागते आणि स्वस्त नाही. बारांपैकी चार चौकटी मी आठवडी बाजारात वापरल्या, सहा देवळात आणि दोन आजीसाठी राखल्या. फिल्म घरीच धुतली. वीस अंश तापमानासाठी माठातले पाणी घेतले. बाराही चौकटी आल्या. आजीच्या फोटोत तिच्या लुगड्याचा काठ मोजता येतो. तिने तो पाहून पहिला प्रश्न विचारला तो कॅमेऱ्याबद्दल : "मोडीत नाही ना दिला?"

एक सेकंदाचा वेग मात्र अजून अडखळतो. घड्याळजी म्हणतात, पाऊसकाळ सरू दे, मग पुन्हा खोलू.