नवें नाटक : लेखन, वाचन व प्रयोग

स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे प्रत्येक शाळेंत एक प्रश्न हटकून निघतो, तो हा कीं, यंदां नाटक कोणतें बसवावयाचें ? मग ग्रंथालयाचें कपाट उघडतें, पूर्वीं कोणीं तरी केलेलें एकादें नाटक शोधून काढलें जातें, भूमिका वांटल्या जातात व पाठांतर सुरू होतें. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु यंदां नाटक लिहावयाचें कोणीं, असें मात्र क्वचितच विचारलें जातें. लिहिणें हें पुण्या-मुंबईच्या मोठ्या लोकांचें काम, आपण फक्त करून दाखवावयाचें, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत कितपत खरी आहे, व नवें नाटक कसें जन्मास येतें, याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम आपल्या घरचीच साक्ष काढूं. 'वीरतनय', 'मूकनायक' वगैरे नाटकें लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) यांनीं अकोला, खामगांव व जळगांव-जामोद येथें वकिली केली. यांपैकीं शेवटचीं दोन गांवें आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांतील आहेत. त्यांचीं नाटकें किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणिलीं, आणि राम गणेश गडकरी त्यांस गुरु मानीत. आपल्या मेहकरांत वकिली करून काव्यरचना करणारे कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या कंठांतून ध्वनिमुद्रिकेवर उतरली व महाराष्ट्रभर गेली. पुढें १९८६ सालीं त्यांस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हां चांगलें लिहिण्यास मोठें शहरच पाहिजे, असें नाहीं.

परंतु कविता आणि नाटक यांत एक मोठा भेद आहे. कविता एकट्यानें लिहिली तरी पुरी होते. नाटक मात्र कागदावर अर्धेंच असतें. त्यांतील शब्द दुसऱ्यानें उच्चारावयाचे व तिसऱ्यानें ऐकावयाचे असतात. लेखकास जें वाक्य फार साधलें असें वाटतें, तें नटाच्या तोंडीं बसत नाहीं. आणि जें सहज लिहून गेलें, त्यावरच सभागृह स्तब्ध होतें. हें घरीं बसून कळत नाहीं. म्हणून नव्या नाटकास मंडळाची गरज असते.

आपल्या रंगभूमीच्या इतिहासांत अशीं मंडळें वेळोवेळीं झालीं. १९३३ सालीं मुंबईंत कांहीं सुशिक्षित तरुणांनीं 'नाट्यमन्वंतर' ही संस्था काढली. बोलपटांमुळें नाटक कंपन्यांस तेव्हां उतरती कळा लागली होती. या मंडळींनीं श्री. वि. वर्तक यांचें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक १ जुलै १९३३ रोजीं रंगभूमीवर आणिलें. मूळ कल्पना नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांची होती. परंतु स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं करणें, घरांत बोलावें तसें रंगमंचावर बोलणें, या गोष्टी मराठी प्रेक्षकांस नव्या होत्या. संस्था अल्पायुषी ठरली, तथापि तिनें दाखविलेली वाट राहिली.

पुढें १९६० सालीं मुंबईंत 'रंगायन' निघालें. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे हे त्यांतील प्रमुख. आपल्या विदर्भाचा संबंध येथें येतो. यवतमाळ जिल्ह्यांतील पारवा गांवीं जन्मलेले महेश एलकुंचवार यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ सालीं 'सत्यकथा' मासिकांत छापून आली. ती विजयाबाईंच्या वाचनांत आली व त्यांनीं तिचा प्रयोग केला. याच लेखकानें पुढें विदर्भांतील खेड्यांतल्या एका मोडकळीस आलेल्या घराण्यावर 'वाडा चिरेबंदी' लिहिलें. तें १९८५ सालीं रंगभूमीवर आलें. एका तरुण लेखकाची छोटी एकांकिका कोणी तरी आस्थेनें वाचली, ही गोष्ट लहान नव्हे.

तिसरें उदाहरण पुण्याच्या 'थिएटर अॅकॅडमी'चें. १९७२ च्या डिसेंबरांत तेंडुलकरांचें 'घाशीराम कोतवाल' प्रथम रंगभूमीवर आलें. त्यांतील नाना फडणविसांच्या चित्रणावरून वाद माजला आणि ज्या संस्थेनें तें बसविलें होतें, तिनेंच प्रयोग थांबविले. तेव्हां त्या प्रयोगांतील तरुण मंडळी बाहेर पडली व १९७३ सालीं त्यांनीं ही नवी संस्था स्थापिली. दुसऱ्याच वर्षीं त्यांच्यांतीलच सतीश आळेकर यांचें 'महानिर्वाण' हें नवें नाटक तिनें केलें. पुढें १९८५ ते १९९४ या काळांत, फोर्ड फौंडेशनच्या साह्यानें, नव्या नाटककारांस उत्तेजन देण्याची योजनाहि तिनें चालविली.

आतां रीत पाहूं. दहा-बारा जण एकत्र जमावे व त्यांत एक शिक्षक असावे. प्रत्येकानें वीस-पंचवीस मिनिटांची, चार-पांच पात्रांची एकांकिका लिहावी. ती लेखकानें स्वतः वाचूं नये. दुसऱ्यांकडून वाचवून घ्यावी व आपण मुकाट्यानें ऐकावें. स्वतः वाचतांना लेखक आवाजानें उणिवा झांकतो. वाचन संपल्यावर श्रोत्यांनीं तीन गोष्टी सांगाव्या : कोठें मन गुंतलें, कोठें कंटाळा आला, व कोणतें पात्र खरें वाटलें नाहीं. 'फार छान' एवढेंच म्हणणारा मित्र लेखकाचें नुकसान करितो, आणि उपहास करणारा त्याचें लिहिणेंच बंद पाडतो. दोघांसहि मंडळांत स्थान नसावें. लेखकानें उत्तर देत बसूं नये, टिपून घ्यावें व पुन्हां लिहावें. दुसऱ्या वाचनानंतरच प्रयोगाचें ठरवावें.

विषयांसाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. पैनगंगेचा कांठ, आठवड्याचा बाजार, शारंगधर बालाजीच्या दर्शनास येणारे यात्रेकरू, कंचनीच्या महालाची दंतकथा, पाऊस लांबलेल्या वर्षीं शेतकऱ्याच्या घरांतील बोलणें, हें सारें आपल्यापुढें आहे. तें आपल्या वऱ्हाडी बोलींत लिहावें. आजीच्या तोंडचे कित्येक शब्द नातवंडांच्या तोंडीं राहिले नाहींत. जे शब्द कोणी लिहीत नाहीं व रंगमंचावर कोणी उच्चारीत नाहीं, ते आजीबरोबरच जातात. पुण्याचें नाटक आपण उत्तम केलें तरी हें नुकसान भरून निघत नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. गांवावर लिहितांना गांवांतील माणसें नाटकांत येणारच. एकाद्या शेजाऱ्याचें दुःख किंवा व्यंग ओळखूं येईल असें मांडून टाळ्या मिळविणें हें लेखन नव्हे, ती चहाडी होय. उलट, कोणास राग येईल या भीतीनें सावकारी, हुंडा, जातिभेद यांसारख्या विषयांस हात न लावणें हा भित्रेपणा होय. दोहोंतील सीमा एकट्यास सांपडत नाहीं. ती ओळखण्याकरितांच मंडळांतील मोकळी चर्चा. आणि ती चर्चा प्रयोगापूर्वीं व्हावी. प्रयोग उभा राहिल्यावर मतभेद झाला तर मंडळ फुटतें, हें वरील हकीगतीवरून दिसून येईल.

पालकांसहि दोन शब्द. या उद्योगांत मुलांचा अभ्यासाचा वेळ जातो, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु विरोधी पात्राच्या तोंडीं न्याय्य वाक्य घालावयाचें तर त्याच्या बाजूनें विचार करावा लागतो. आपलें लिहिलेलें चौघांनीं खोडलें तरी न रुसतां पुन्हां लिहावें लागतें. भाषा व शील या दोहोंस याहून चांगला व्यायाम क्वचितच सांपडेल.

तरी मित्रहो, पुढील संमेलनास एक तरी एकांकिका आपल्याच कोणीं लिहिलेली असूं द्या. ती सदोष असेल, असो. पहिल्या रांगेंत बसलेल्या एकाद्या शेतकऱ्यास तींत आपलें घर ओळखूं आलें, म्हणजे श्रमाचें सार्थक झालें असें समजावें.