आखाजीची गीते : ऋतू, माहेर आणि स्मृती

लोकगीतांचे वर्गीकरण करताना विधिगीते, श्रमगीते, क्रीडागीते असे विभाग सामान्यतः कल्पिले जातात. खानदेशातील आखाजीची गीते यांपैकी कोणत्याही एका विभागात पूर्णतः सामावत नाहीत. गौराईच्या पूजनाशी संबंध असल्याने ती विधिगीते ठरतात. झोक्यावर म्हटली जातात म्हणून क्रीडागीतेही ठरतात. तथापि त्यांचा गाभा स्मृतीचा आहे. भर वैशाखात म्हटली जाणारी ही गीते खानदेशी स्त्रीला इतकी प्रिय का वाटतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्य तृतीया, हीच जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील आखाजी होय. या सणाचे महत्त्व कृषिजीवनातून समजून घ्यावे लागते. या दिवसांत रब्बीची मळणी उरकलेली असते, कापूस वेचून झालेला असतो आणि खरिपाची पेरणी अद्याप दूर असते. सालदाराचे वर्षही पूर्वापार आखाजीलाच संपून नव्याने सुरू होत असे. वर्षभर शेतात आणि चुलीपाशी राबणाऱ्या सुनेला चार दिवस निवांतपणे सोडता येईल, अशी ही वेळ. अभिजात काव्यात ग्रीष्म बहुधा दाहाचे रूप घेऊन येतो. आखाजीच्या गीतांत मात्र तोच भेटीचा ऋतू ठरतो. या अर्थपालटाचे कारण कविकल्पनेत नसून श्रमाच्या वेळापत्रकात आहे.

या गीतांचे विषय मोजकेच आहेत : बहिणीला न्यायला येणारा मुराळी, त्याची वाट पाहणे, माहेरच्या लिंबाला बांधलेला झोका, बालमैत्रिणी, सासरच्या माणसांची थट्टा आणि परतीची वेळ. गौराई ही देवी असूनही गीतांतून ती माहेरवाशीण म्हणूनच वावरते. तिला न्यायला शंकर येतो, तेव्हा देवकथा आणि घरकथा यांतील अंतर मिटते. देवीच्या निमित्ताने स्वतःविषयी बोलण्याची मुभा गाणारीला मिळते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या गीतांतील ‘मी’ कोणा एकीचा नाही. ‘माझा भाऊ’, ‘माझी माय’ हे शब्द सर्वांच्या मुखी तेच असतात. परंतु म्हणताना प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे उभा राहणारा भाऊ वेगळा असतो. शब्द समूहाचे आणि आठवण एकटीची, अशी ही घडण आहे. म्हणूनच ज्या स्त्रीला न्यायला त्या वर्षी कोणी आले नाही, तिलाही ते गीत परके होत नाही. उलट ते तिच्या उणिवेचीच खूण होते. एकच गीत एकीला आनंदाचे व दुसरीला दुःखाचे वाटू शकते, याचे मर्म येथे आहे.

आखाजीला पाण्याने भरलेली घागर पूजून पितरांना नैवेद्य दाखविला जातो. ज्या घरात सकाळी गेलेल्यांचे स्मरण होते, त्याच घराच्या लेकी त्या दिवशी झोक्यावर गातात. माय हयात नसलेली लेक जेव्हा मायेचे गीत म्हणते, तेव्हा घागर आणि झोका यांचा सांधा आपोआप जुळतो. आठवणीचे हे दुहेरी रूप सणाच्या रचनेतच आहे.

बहिणाबाई चौधरी यांच्या (१८८०–१९५१) ‘आखजी’ या कवितेमागे हीच परंपरा उभी आहे. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ ग्रंथरूपाने आली आणि लेवा बोलीतील हा झोका नागर वाचकापर्यंत पोचला. बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांच्या कवितेतील सणाचा उल्हास आणि तो सरल्याची हुरहूर ही मौखिक गीतांच्याच वळणाची आहे. मात्र तिचे वाचन बहुधा व्यक्तिगत प्रतिभेचा आविष्कार म्हणून होते. तिच्यामागचा स्त्रियांचा समूहस्वर दुर्लक्षित राहतो.

आज सिंचनामुळे शेतीचे वेळापत्रक बदलले आहे. बागायती कापसाची लागवड मे महिन्यात होऊ लागली. केळीच्या बागेला तर उन्हाळ्यातच अधिक पाणी व राखण लागते. अनेक कुटुंबे सुरत, पुणे, मुंबई येथे स्थिरावली. निवांतपणाची ती वेळ अरुंद होत गेली, तसा गीतांचा प्रसंगही विरळ झाला. संकलकांनी शब्द टिपून ठेवले, हे कार्य मोलाचे आहेच. परंतु केवळ संहितेवरून गीताची प्रियता उलगडत नाही. गाणारीने ते गीत प्रथम कोणाबरोबर म्हटले, शेवटचे केव्हा म्हटले, त्या वर्षी तिला न्यायला कोण आले होते, या गोष्टींचीही नोंद संहितेशेजारी झाली पाहिजे. ज्यांनी लिंबाच्या झोक्यावर ही गीते म्हटली, त्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. त्यांच्यामागे शब्द कदाचित उरतील. ते कोणासाठी म्हटले गेले, हे मात्र आता विचारले नाही तर कायमचे हरवेल.